गाठ, पडदा आणि प्लेग

प्लेगला आपल्याकडची जुनी माणसे 'गाठीचा ताप' म्हणत. नाव नेमके आहे. रोगी उंदरावरची पिसू माणसाला बहुधा पायाला चावते. जंतू तिथून वर सरकतात आणि जांघेतल्या ग्रंथींत अडकतात. शरीर तिथे त्यांच्याशी झुंजते, ग्रंथी सुजते आणि इतकी दुखते की हात लावू देत नाही. चावा हाताला असेल तर गाठ काखेत उठते.

अरबीत या रोगाला 'ताऊन' म्हणतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये ताऊनची गाठ उंटाला येणाऱ्या गाठीसारखी असते, असे सांगितले आहे. इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये तिच्या जागाही दिल्या: काख, जांघ आणि कानामागे. ताऊन असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर पळून बाहेर पडू नये, हे प्रेषितांचे (स.) मार्गदर्शन प्रसिद्धच आहे. शाम देशात ताऊन पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) सरघ येथून माघारी फिरले. म्हणजे गाठीची ओळख आणि साथीतली शिस्त, दोन्ही आपल्या परंपरेत होत्या.

मग मुंबईत मुसलमानांनी प्लेगच्या उपायांना विरोध का केला? 'अडाणीपणा' हे तयार उत्तर मला पटत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारला घरझडतीचे, रोग्याला उचलून नेण्याचे अधिकार मिळाले. रोग ओळखायचा तर गाठ पाहायची, आणि गाठ काखेत किंवा जांघेत. रेल्वे स्टेशनवर, घराच्या दारात परके पुरुष बायकांना तपासू लागले. हिंदू असो वा मुसलमान, कोणत्या घराला हे सोसले असते? पुण्यात तर घरझडतीला गोरे सोजीर आले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात एका लहान मुलीवर प्लेगचा संशय आला, तेव्हा मोमीन विणकरांनी पथकाला अडवले. दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली.

पण लोकांनी रोगी लपवले, हेही खरे आहे. माळ्यावर, कपाटामागे लपवलेल्या रोग्याला ना हवा मिळाली ना औषध. अब्रू राखताना जीव गेले.

वाट निघाली ती विश्वासाने. जमातींनी आपापली इस्पितळे काढली, सरकारनेही हळूहळू सक्ती सैल केली. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक बिचकत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी सर्वांसमक्ष ती टोचून घेतली आणि त्यांच्यामागे हजारो खोजा पुढे आले. एका ज्यू शास्त्रज्ञाची सुई लोकांनी स्वीकारली, कारण आपला माणूस आधी पुढे झाला होता.

हा इतिहास मला आजही लागू वाटतो. मानेवर, काखेत, छातीत गाठ लागली तरी आपल्या घरातल्या किती बाया महिनोन्महिने गप्प राहतात! बहुतेक गाठी साध्या असतात. घसा किंवा दात दुखला तरी मानेतली ग्रंथी सुजते आणि उतरते. पण दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ टीबीची असू शकते. आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे तर सर्वांत धोक्याचे, कारण स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

मदनपुऱ्याच्या त्या मुलीच्या काळी स्त्री डॉक्टर मिळण्याची सोय फारशी नव्हती. आज ती बहुतेक शहरांत आहे. नसेल तिथे पुरुष डॉक्टरला दाखवावे. गरजेपोटी शरीयतनेही ती मुभा दिली आहे. आणि ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी आधी तोंडातून काढावी, म्हणजे बाईला ती सांगायला जड जाणार नाही.