सिनेगॉगचा आराखडा कोणी ठरवायचा?

सिनेगॉग बाहेरून कसे दिसावे, याविषयी ज्यू धर्मशास्त्र जवळजवळ गप्प आहे. प्रार्थनेच्या खोलीला खिडक्या असाव्यात, तोंड जेरुसलेमकडे असावे, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायला हेखाल नावाचे कपाट आणि त्या वाचायला उंच चौथरा असावा, एवढ्यावर त्याचे भागते. म्हणूनच कोचीचे परदेशी सिनेगॉग उतरत्या कौलांचे आहे, तर पुण्याचे ओहेल डेव्हिड लाल विटांचे आणि उंच मनोऱ्याचे. पुणेकर त्याला लाल देऊळच म्हणतात. शास्त्राने एवढी मोकळीक दिल्यावर निर्णय कोणावर तरी पडतोच. तो देणगीदाराने घ्यावा, वास्तुविशारदाने, की तिथे येऊन प्रार्थना करणाऱ्यांनी? माझ्या मते कागदावर पहिली रेघ उमटण्याआधीच जमातीचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, कारण काही प्रश्नांची उत्तरे तिच्याशिवाय कोणाकडेच नसतात.

बसण्याच्या व्यवस्थेचेच पाहा. परंपरेने स्त्रिया वेगळ्या बसतात. मुंबईतल्या जुन्या सिनेगॉगांत त्यांच्यासाठी वर सज्जा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतले ज्यू शहरे सोडून उपनगरांत गेले, तिथे शेकडो नवी सिनेगॉग उभी राहिली, आणि बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष शेजारी बसू लागले. हा बदल किती जिव्हारी लागणारा होता, ते मिशिगन राज्यातल्या माउंट क्लेमेन्स गावात दिसले. तिथल्या बहुमताने एकत्र बसण्याचे ठरवले, अल्पमत न्यायालयात गेले आणि १९५९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पमताच्या बाजूने निकाल दिला. सज्जा हवा की नको, यावर माणसे कोर्टाची पायरी चढतात. तो निर्णय कोणत्याही विशारदाने परस्पर घ्यायचा नसतो. तीच गोष्ट गर्दीची. एरवीच्या शनिवारी थोडी माणसे येतात, पण रोश हाशाना आणि योम किप्पूर या मोठ्या सणांना सारी जमात लोटते. १९३३ साली जर्मनी सोडलेले वास्तुविशारद एरिक मेंडेलसोन यांनी क्लीव्हलंडच्या पार्क सिनेगॉगमध्ये शंभर फूट व्यासाच्या घुमटाखाली मुख्य दालन ठेवले आणि मधली सरकती विभाजने उघडली की शेजारची दालने त्यातच मिळतील, अशी सोय केली. जमातीच्या वर्षभराच्या वहिवाटीतून निघालेला हा आराखडा आहे.

या विषयात सर्वात जास्त नाव घेतले जाते ते फिलाडेल्फियाजवळच्या एल्किन्स पार्कमधल्या बेथ शोलोम सिनेगॉगचे. १९१९ साली स्थापन झालेली ही जमात उपनगरात सरकत होती. तिचे रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, मॉर्टिमर कोहेन यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना पत्र लिहिले आणि सोबत स्वतः काढलेले रेखाचित्र जोडले. मोशेला तोरा मिळाली तो सिनाई पर्वत जणू जिथे जाल तिथे सोबत येतो, अशी वास्तू त्यांना हवी होती. राइट यांनी तीन प्रचंड पोलादी खांब एकमेकांकडे झुकवून अर्धपारदर्शक छत त्यांवर पेलले. आत जमीन उतरती केली, म्हणजे बसलेली माणसे एकमेकांनाही दिसतात. वरच्या कडांवर मेनोरा या धार्मिक दीपवृक्षाची चिन्हे आली. नकाशांवर राइट यांनी कोहेन यांचे नाव सहरचनाकार म्हणून घातले. एरवी श्रेय वाटून घेण्यासाठी राइट मुळीच प्रसिद्ध नव्हते, म्हणून हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. राइट यांनी १९२६ साली न्यूयॉर्कसाठी पोलाद आणि काचेच्या एका महाकाय कॅथेड्रलची कल्पना मांडली होती. ती बांधली गेली नाही आणि बेथ शोलोमचा आकार तिच्यातूनच आला. म्हणजे ज्यूंच्या नावे एक जुनाच ख्रिस्ती नकाशा खपला, असे कोणी म्हणेल. आकाराचा उगम मान्य करायलाच हवा. पण त्या आकाराला सिनाई कोहेन यांनी केले. आतली मांडणी आणि चिन्हे कशी असावीत यावर पत्रांतून दोघांची दीर्घ चर्चा झाली. आकार विशारदाच्या जुन्या वहीतून आला तरी चालतो. आत काय घडते, हे मात्र त्या वहीत सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: रब्बाय म्हणजे जमात नव्हे. हे खरेच आहे. सामान्य सभासदांच्या वाट्याला मुख्यतः पैसे उभे करण्याचे काम आले, आणि खर्च दहा लाख डॉलरांच्या पुढे गेला. छत पुढे वर्षानुवर्षे गळत राहिले. पावसापाण्याचा आणि रोजच्या राबत्याचा विचार करणारी दहा माणसे सुरुवातीपासून त्या पत्रव्यवहारात असती, तर व्यवहाराचे प्रश्न तरी आधी विचारले गेले असते, असे मला वाटते. समितीने वास्तू काढली की ती बेचव होते, ही भीती नेहमी घातली जाते. पण लोकांच्या हातात पेन्सिल द्या असे कोण म्हणते? कोहेन यांनीही छताचे गणित मांडले नाही. आपली माणसे काय करायला जमतात, एवढेच त्यांनी सांगितले, आणि ते तपशिलाने सांगितले. मोठ्या दालनात हजाराहून अधिक आसने आहेत, पण त्याच्याखाली एक लहान प्रार्थनागृहही आहे. थोडी माणसे असली की त्यांना वरच्या विस्तीर्ण दालनात विखरून बसावे लागत नाही. एप्रिल १९५९ मध्ये राइट गेले. सप्टेंबरमध्ये वास्तूचे समर्पण झाले. त्याच वर्षी कोहेन यांनी तिचा अर्थ उलगडणारे पुस्तक प्रसिद्ध केले.