हृदयधमनीतील फुगा : एका चुकलेल्या निष्कर्षाचा इतिहास

१/ जानेवारी १९६१. टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. न उतरणारा ताप, लालबुंद डोळे, फुटलेले ओठ, अंगभर पुरळ. लक्षणे कोणत्याही ज्ञात रोगाशी जुळेनात. मुलगा बरा झाला. निदान मात्र झाले नाही.

२/ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी त्यानंतर अशा रुग्णांच्या नोंदी चिकाटीने जमवल्या. १९६७ मध्ये ५० मुलांवरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा : हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही.

३/ त्याच रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ नोबोरू तानाका यांना हे मान्य नव्हते. अशा एका मृत बालकाच्या शवविच्छेदनात त्यांना हृदयधमनीत रक्ताची गुठळी आढळली होती. १९७० च्या देशव्यापी पाहणीत असे १० मृत्यू उजेडात आले.

४/ कारण काय? दाहाने धमनीची भिंत दुबळी होते व फुग्यासारखी फुगते. हाच ॲन्युरिझम. फुगवट्यात रक्त मंदावते, गोठते. पुढे त्याच्या तोंडाशी धमनी अरुंद होते. ताप गेला, तरी धोका राहतो.

५/ पण जिवंत मुलाच्या हृदयात हे पाहायचे कसे? १९५८ मध्ये क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांच्या हातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य चुकून थेट हृदयधमनीत गेले. रुग्ण वाचला आणि अँजिओग्राफीचे नवे दालन उघडले. त्याच तंत्राने हिरोहिसा कातो यांनी १९७५ मध्ये आजारातून उठलेल्या मुलांमधील हे फुगवटे दाखवून दिले. पुढे सोनोग्राफीने हे काम सुईविना होऊ लागले.

६/ १९७६ मध्ये सोइचिरो कितामुरा व सहकाऱ्यांनी अशा बालकावरील बायपास शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पायातील शीर वापरली, तर ती वाढत्या वयाला पुरत नाही. म्हणून पुढे छातीच्या आतली धमनी जोडण्यात येऊ लागली. ती मुलाबरोबर वाढते.

७/ १९८० च्या दशकात इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार आला. उपचाराविना सुमारे चारपैकी एका मुलाच्या हृदयधमन्यांना इजा होत असे. वेळेवर उपचार मिळाल्यास हे प्रमाण पुष्कळच घटते.

८/ आजाराला कावासाकींचेच नाव मिळाले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या निष्कर्षातील उणीव दाखवली ती मृत बालकांच्या शवविच्छेदनांनी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवावे : केवळ बचावलेल्यांच्या नोंदींवरून लिहिलेला इतिहास अपुराच असतो.