माळ्यावरचं तांबं आणि कल्हईचा धूर

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीने.

मागच्या महिन्यात मित्रमैत्रिणी जेवायला येणार होते. जुन्या बाजारातून मी तांब्याचं ठोक्याचं पातेलं आणलं होतं. चिंच-मीठ लावून लखलखीत घासलं. त्यात मठ्ठा ओतणार, तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, आतून कल्हई कुठाय? कळकेल ना सगळं!"

'कळकणं' हा शब्द मी तेव्हाच ऐकला. ताक, चिंच, आमसूल असं आंबट तांब्याला लागलं की तांब्याचे क्षार त्यात उतरतात. चव बिघडते, मळमळतं, उलट्याही होतात.

मग कल्हईवाला शोधत मी पुण्यातली कसबा पेठ गाठली. तिथल्या तांबट आळीत शिरलात की आधी आवाज येतो: ठक, ठक, ठक! पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. १८१८ साली पेशवाई गेली, दरबार गेला, पण घराघरांतले हंडे, घंगाळं, बंब होतेच. आळी त्यांच्यावर जगली.

भांड्यावरचे ते चमकते ठोके मला नक्षी वाटायचे. पण त्याला म्हणतात मठारकाम. तापवलेलं तांबं मऊ पडतं, सहज वाकतं. हातोडीचे ठोके बसत गेले की ते कडक होतं. म्हणजे जी शोभा म्हणून आपण बघतो, ती खरं तर भांड्याची ताकद आहे.

आणि कल्हई? भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची, कापसाने झरझर पसरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ला. म्हणून भांड्याला धक्का न लागता आत पांढरा थर बसतो. पण तो झिजतो, परत परत लावावा लागतो.

इथे मला आजी आठवली. आईच्या लग्नात तिने घरातलं सगळं तांबं मोडीत घालून स्टीलचा सेट घेतला होता. "एवढा वारसा विकलास?" म्हणून मी तिच्याशी भांडलेय. पण तेव्हा गल्लीत कल्हईवाला यायचाच बंद झाला होता. कल्हईशिवाय ती भांडी स्वयंपाकाला निरुपयोगी. स्टीलला ना कल्हई, ना चिंच. आजीने वारसा विकला नव्हता. तो सांभाळणारा माणूसच आधी गेला होता.

माझ्या पातेल्याला कल्हई झाली. त्या रविवारी मठ्ठा त्यातच केला, आणि पहिला पेला काकूंना दिला.

तुमच्या माळ्यावर असं एखादं भांडं असेल तर आधी आत डोकावून बघा. लाल दिसलं, तर पाहुण्यांच्या आधी कल्हईवाल्याला फोन करा. आणि त्या भांड्याची गोष्ट मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!