ओझे उतरलेली भूमी

पोलादपूरचे नाव इतिहासाच्या वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात आहे. आणि 'शिवभारत'कर्ते कवींद्र परमानंद यांची म्हणून सांगितली जाणारी समाधीही पोलादपुरातच आहे. तिसरे कारण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. भूविज्ञानाच्या जागतिक ग्रंथांत 'पोलादपूर', 'आंबेनळी' आणि 'महाबळेश्वर' ही दख्खनच्या लाव्हाथरांची नावे आहेत. आंबेनळी घाट चढणारा प्रवासी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर खालून वर ओलांडत जातो, आणि खिडकीतून प्रतापगड शोधत असतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले.

संस्कृत कोशांनी पृथ्वीला 'अचला' आणि 'स्थिरा' म्हटले आहे. आपले इतिहासलेखनही भूमीला अचलच धरते: माणसे येतात, लढतात, जातात, डोंगर मागच्या पडद्यासारखा टांगलेला असतो. हे गृहीत चुकीचे आहे असे आम्हांला वाटते. आणि गंमत अशी, की ते खोडून काढणाऱ्या विचाराचा एक महत्त्वाचा धागा भारतातल्याच मोजणीतून निघाला.

जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या कारकिर्दीत झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातले कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर दोन रीतींनी काढले गेले. जमिनीवरची मोजणी आणि ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश यांत ५.२४ सेकंदांचा, म्हणजे सुमारे दीडशे मीटरचा फरक निघाला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असावा, हे उघड होते. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी त्या ओढीचा हिशोब मांडला, तेव्हा प्रश्न उलटाच झाला: हिमालयाच्या आकारमानानुसार फरक पंधरा सेकंदांहून अधिक यायला हवा होता. पर्वत दिसतो तेवढा ओढत का नाही? १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिले. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याचा जेवढा भाग वर दिसतो त्याहून मोठा भाग पाण्याखाली असतो, तशी पर्वताची हलकी मुळे खालच्या जड, तुलनेने मऊ द्रव्यात रुतलेली असतात. या तोलालाच पुढे समस्थायित्व हे नाव मिळाले.

भूमी तरंगत असेल, तर ओझे ठेवल्यावर ती दबेल आणि काढल्यावर वर येईल. १८६५ साली स्कॉटलंडमधील थॉमस जेमिसन यांनी हे हिमयुगाला लावले: किनाऱ्यापासून उंचावर सापडणारे सागरी अवशेष म्हणजे बर्फाच्या भाराने दबलेल्या आणि नंतर उचलल्या गेलेल्या भूमीची खूण. घनतेचा साधा हिशोब केला तर तीन हजार मीटर जाडीच्या बर्फाखाली जमीन आठशे मीटरांच्या आसपास दबते. तो बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तरेकडील किनारा अजून वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वर येतो आहे. खालचे प्रावरण इतके दाट आहे की ओझे गेल्याची दखल ते सावकाश घेते.

सह्याद्रीवर अशी हिमचादर नव्हती. इथले उतरलेले ओझे खडकाचेच आहे. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे १४०० किलोमीटर जावे लागते. सावित्रीची वाट त्याच्या दशांशाहून कमी, म्हणूनच उताराची आणि खरवडणारी. कोट्यवधी वर्षे अशा नद्यांनी कोकणच्या पट्ट्यातला खडक काढून समुद्रात नेला. बेसाल्ट बर्फाच्या तिपटीहून जड. म्हणून त्याचा शंभर मीटरांचा थर गेला, की हिशोबाने भूमी ऐंशीहून अधिक मीटर वर येऊ पाहते. परंतु कवच ताठ असल्याने हे उचलणे झिजलेल्या पट्ट्यापुरते राहत नाही, शेजारची न झिजलेली कडाही वर उचलली जाते. महाबळेश्वरचे जांभ्याचे पठार आज १४०० मीटरांच्या आसपास आहे, आणि त्या उंचीत या उचलण्याचा वाटा आहे असे अभ्यासक मानतात. म्हणजे कोकण खाली गेले आणि घाट वर आला, या एकाच घटनेच्या दोन बाजू.

ओझे ठेवण्याचा प्रयोग मात्र डोंगरापलीकडे माणसाने केला. जावळीच्या खोऱ्यातून वाहणारी कोयना अडवून १९६२ पासून शिवसागर भरू लागला, हादरे सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. तिथे पाण्याच्या भाराइतकाच, किंबहुना अधिक, भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाचा हात होता; त्यामुळे हिमचादरीशी ही तुलना अर्धवटच राहते.

खडक 'काढून नेला' हे शब्द आम्ही वर सहज लिहून गेलो. त्यांचा अर्थ या तालुक्यांना ठाऊक आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये, जिथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली, आणि पोलादपुरातील केवनाळे व साखर सुतारवाडी. या दरडींचे निकटचे कारण पाऊस आणि मुरलेले पाणी. भूमीचे उचलले जाणे इतके संथ आहे की त्याच्यावर कुठल्याही एका रात्रीचा दोष टाकता येणार नाही. पण ज्या उभ्या कड्याखाली ही गावे वसली, तो कडा त्या संथपणानेच इतका उंच राखला आहे.

ध्रुवांचा बर्फ या खोऱ्यात येतो तो पाण्याच्या रूपाने. ग्रीनलंडचा बर्फ वितळला की तिथली ओढ कमी होते, तिथली भूमी उचलली जाते, आणि ग्रीनलंडजवळ समुद्र उलट खाली जातो. ते पाणी आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून किंचित अधिक चढते. बाणकोटच्या खाडीतून भरती सावित्रीत शिरते. पूर्वी तिच्याच पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत. आज ती भरती आणि घाटावरचा पाऊस एका वेळी आले, की महाडच्या बाजारपेठेतले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवू लागतात.