यात्रेतली भजी आणि कानतुटका कप

यंदा पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या यात्रेला जाऊन आलो. इथल्या खंडोबाची मूर्ती एकच, पण देवळं दोन. वर्षातला बराच काळ देव अणदूरला असतो, यात्रेच्या दिवसांत मैलारपूरला येतो. किल्ला आणि पाणीमहाल बघायला लोक वर्षभर येतात, पण आम्हा मुलांना ओढ असायची ती पालांतल्या खाण्याची!

मला आठवते ती यात्रा १९६० च्या आसपासची. गॅसबत्त्यांचा उजेड, कढईत तळली जाणारी भजी, गोडीशेव, जिलेबी. रद्दीच्या कागदात भजी, वर तळलेली मिरची. भंडाऱ्याने पिवळे झालेले सगळ्या जातींचे लोक एकाच कढईभोवती उभे राहून खात होते. घरी एकमेकांच्या हातचा भात न खाणारी हीच माणसं! तळलेलं चालतं अशी समजूत होती, आणि खाऊन झालं की कागद फेकला जायचा. त्यामुळे भज्यांपर्यंत सगळं सुरळीत.

अडायचं ते पाण्याशी आणि चहाशी, कारण कप परत वापरायचा असतो. वर्गातला माझा एक मित्र सोबत होता. मला बाकावर बसवून कपबशीत चहा मिळाला. त्याला पालाच्या मागच्या बाजूला, खुंटीवरचा कानतुटका कप स्वतः काढून घ्यावा लागला आणि विसळून परत टांगावा लागला. पाणी तर वरून ओंजळीत.

आता तारखा बघा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात आल्या, १७ तारखेला निजामाचं राज्य संपलं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. दुकानं, उपाहारगृहं सर्वांना खुली, असं कलम १५ मध्ये लिहिलं गेलं. १९५५ साली शिक्षेचा कायदाही आला. म्हणजे तो कप खुंटीवर होता तेव्हा तो बेकायदेशीर होता. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना ही कलमं मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिली. त्या कपाबद्दल मात्र एकाही वर्गाला सांगितलं नाही.

यंदा यात्रेत चहा सगळ्यांना कागदी कपात मिळाला. प्यायला, टाकला. खुंटी नाही, विसळणं नाही. बरं वाटलं, पण मनात आलं, ही सुधारणा आपण केली की कागदी कपाने? घरातल्या कपबशीचं काय, ते ज्याने त्याने आपापल्या स्वयंपाकघरात बघावं.

त्या दिवशी मी चहा पूर्ण प्यायलो होतो. मित्राकडे बघितलं नव्हतं. वडील शेजारीच होते, तेही काही बोलले नाहीत. इतिहास म्हणून एवढं तरी लिहून ठेवावं असं वाटलं. असो.

तुमच्या गावच्या यात्रेत तो कप कुठे टांगलेला असायचा? आठवत असेल तर लिहा.