जातं, टेप आणि यूएसबी

आजची गोष्ट आपल्या बीडची. साल १९९६. त्या जानेवारीत यूएसबीचं पहिलं मानक जाहीर झालं, आणि त्याच वर्षी माजलगावच्या भीमनगरात बायांच्या ओव्या टेपवर उतरल्या. बाबासाहेबांवरच्या, जात्यावरच्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेलं हे काम. गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. रेकॉर्डिंग केलं बर्नार्ड बेल यांनी.

आता तेच काम घरात होतं. मीही लॅपटॉपला इंटरफेस जोडला, माईक लावला, आजीसमोर बसलो. ती हळू गुणगुणत होती, म्हणून गेन वाढवला. मग तिनं खडा सूर लावला. लाल दिवा लागला, पण माझं लक्ष आजीकडे. ओवी फाटकी निघाली. नंतर आवाज कमी करून ती सांधत नाही.

"परत म्हण ना!"

"आता न्हाई आठवत रं."

म्हणून सांगतो, आधी मोठ्यात मोठ्या आवाजात गाऊन घ्या. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मगच रेकॉर्ड दाबा. टेप परत मिळते, ओवी मिळेलच असं नाही.