करारावर नाव नसलेली बाई

घरच्या धंद्यातली बाई कागदपत्रांत शोधायला गेलात, तर बहुधा नवऱ्याचंच नाव हाती लागेल. हॅम्बुर्गची ज्यू व्यापारी ग्लिकल बघा. सोन्या-मोत्यांचा धंदा नवऱ्याच्या नावावर, पण भागीदारीच्या कराराचा मसुदा हिनं केलेला! १६८९ साली तो वारला. शेवटी काही सांगायचंय का विचारलं, तर बायकोला सगळं ठाऊक आहे म्हणाला. मग कर्जफेड, जत्रांतला व्यापार, मोज्यांचा कारखाना, पोरांची लग्नं, सगळं तिनंच निभावलं. हे कळतं कशावरून? झोप न येणाऱ्या रात्री तिनं मुलांसाठी यिडिशमध्ये लिहिलेल्या आठवणींवरून. त्या छापल्या गेल्या थेट १८९६मध्ये. पण वाचताना सावध राहा: सांगणारी तीच, ऐकणारी तिची मुलं. आणि शेवटचा भाग तर दुसऱ्या नवऱ्याचं दिवाळं निघाल्यानंतर लिहिलेला आहे.